कोलंबिया विद्यापीठातले परदेशी विद्यार्थी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ एप्रिल जवळ आला की माझ्या फोनवर ठरावीक प्रश्न यायला लागतात. न्यूयॉर्कला आलेले मराठी पाहुणे मला ११६व्या रस्त्याच्या सबवे स्टेशनबाहेर भेटतात आणि मी त्यांना कोलंबियाचा परिसर हिंडवते. घरी परतल्यावर त्यांचे, त्यांच्या मुलांचे, मुलांच्या मास्तरांचे आणखी प्रश्न येतात. बहुतेकांना १९१३ ते १९१६ या काळात इथे शिकलेल्या बाबासाहेब आंबेडकरांविषयी विचारायचं असतं. पण त्या काळात त्यांच्या वर्गात आणि वसतिगृहात आणखी कोण कोण होतं, हे सांगितल्याशिवाय माझं उत्तर मलाच अर्धं वाटतं. ती सगळी माणसं डोळ्यांसमोर आली की बाबासाहेबांची ती तीन वर्षं जास्त चांगली समजतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून वर्षानुवर्षं आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. कोलंबिया विद्यापीठ किती जुनं? ते सरकारी आहे का?

सरकारी नाही, खासगी आहे. १७५४ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या सनदेने ‘किंग्ज कॉलेज’ म्हणून ते सुरू झालं. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर राजाचं नाव गेलं आणि १७८४ मध्ये ‘कोलंबिया’ आलं. मॅनहॅटनच्या उत्तरेकडच्या मॉर्निंगसाइड हाइट्स या टेकाडावर, म्हणजे आजच्या जागी, ते १८९७ मध्ये आलं. हे शेवटचं साल लक्षात ठेवा. बाबासाहेब १९१३ मध्ये आले तेव्हा हा परिसर जेमतेम सोळा वर्षांचा होता. आपल्याला आज जुनी वाटणारी ही दगडी वास्तू त्यांना नवीकोरी दिसली असणार.

२. इथला पहिला परदेशी विद्यार्थी कोण? अलेक्झांडर हॅमिल्टन का?

हॅमिल्टन कॅरिबियन समुद्रातल्या नेव्हिस बेटावर जन्मला आणि १७७०च्या दशकात किंग्ज कॉलेजात शिकला. म्हणून त्याचं नाव पुढे येतं. पण तेव्हा नेव्हिसही ब्रिटिशांचं आणि न्यूयॉर्कही ब्रिटिशांचंच. एकाच राजाच्या एका वसाहतीतून दुसरीत आलेल्या मुलाला ‘परदेशी विद्यार्थी’ म्हणणं मला पटत नाही. (असाच घोळ बाबासाहेबांच्या बाबतीतही होतो. तो प्रश्न १३ मध्ये सोडवला आहे.)

आपल्या आजच्या अर्थाने परदेशी म्हणता येतील असे विद्यार्थी १८७०च्या दशकात ठळकपणे दिसू लागतात. जपान सरकारने १८७५ मध्ये निवडून पाठवलेल्या तरुणांपैकी हातोयामा काझुओ कोलंबियात कायदा शिकले. पुढे त्यांचा मुलगा आणि पणतू असे दोघेही जपानचे पंतप्रधान झाले. चीनने १८७२ पासून १२० मुलगे अमेरिकेला धाडले होते. त्यांच्यातले तांग शाओयी कोलंबियात होते, पण १८८१ मध्ये चिनी दरबाराने सगळ्यांना मध्येच परत बोलावलं. मुलं फार अमेरिकन होऊ लागली, ही दरबाराची तक्रार होती. तेच तांग १९१२ मध्ये चिनी प्रजासत्ताकाचे पहिले पंतप्रधान झाले.

३. बाबासाहेबांच्या काळात इथे चिनी विद्यार्थी एवढे कसे होते?

याचं उत्तर एका दंडात आहे. १९०० मध्ये चीनमध्ये परकीयांविरुद्ध झालेल्या बॉक्सर बंडानंतर परकीय सत्तांनी चीनवर जबर दंड बसवला. अमेरिकेच्या वाट्याला प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त रक्कम येते हे उघड झाल्यावर अमेरिकेने जादा रक्कम परत द्यायचं ठरवलं, पण ती चिनी विद्यार्थ्यांच्या अमेरिकेतल्या शिक्षणावर खर्च व्हावी या बेताने. १९०९ मध्ये पहिले ४७ विद्यार्थी निघाले. या मुलांना तयार करण्यासाठी १९११ मध्ये पेकिंगमध्ये (आजचं बीजिंग) शाळा निघाली, तेच आजचं त्सिंगहुआ विद्यापीठ.

उपकार म्हणून या योजनेकडे बघू नका. पैसा चीनचाच होता. शिवाय उद्याचे चिनी राज्यकर्ते आपल्याकडे शिकलेले असावेत हा अमेरिकेचा हिशेब होता, आणि तो तेव्हा उघडपणे मांडलाही जात होता.

त्या योजनेआधीच आलेले वेलिंग्टन कू हे माझे आवडते. १९०५च्या सुमाराला कोलंबियात आले, वादविवाद गाजवले, विद्यार्थ्यांच्या ‘स्पेक्टेटर’ या वृत्तपत्राचे संपादक झाले. १९१२ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंधाचा विषय होता चीनमधल्या परदेशी लोकांचं कायदेशीर स्थान. स्वतः परक्या देशात परका म्हणून राहणारा तरुण आपल्या देशात परक्यांना मिळालेल्या सवलतींचा कायदा उकलत बसला होता! १९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत चीनच्या शिष्टमंडळाने व्हर्सायच्या तहावर सही करायला नकार दिला, त्यात कू आघाडीवर होते.

४. आफ्रिकेतून कोणी आलं होतं का?

हो. पिक्सली का इसाका सेमे. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमधला झुलू तरुण. मॅसॅच्युसेट्समधल्या शाळेत शिकून तो कोलंबियात आला आणि १९०६ मध्ये बी.ए. झाला. त्याच वर्षी विद्यापीठाच्या वक्तृत्व स्पर्धेत त्याने ‘आफ्रिकेचं पुनरुज्जीवन’ या विषयावर भाषण करून पहिलं पदक पटकावलं. आपण आफ्रिकन आहोत हे त्याने सुरुवातीलाच अभिमानाने सांगितलं होतं. पुढे ऑक्सफर्डला कायदा शिकून तो मायदेशी परतला आणि १९१२ मध्ये जी संघटना उभी करण्यात त्याचा पुढाकार होता, तीच आजची आफ्रिकन नॅशनल काँग्रेस. मंडेलांचा पक्ष.

मुलांना घेऊन आलेल्या पाहुण्यांना मी सेमेची गोष्ट आवर्जून सांगते. सेमे इथून पदवी घेऊन बाहेर पडला त्याला सात वर्षं होत होती तेव्हा भीमराव आत शिरले.

५. बाबासाहेब इथे कोणाच्या पैशाने आले? किती पैसे मिळत?

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर. १९१३च्या जूनमध्ये करार झाला : तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले.

साडेअकरा पौंड म्हणजे किती, हे हमखास विचारतात. तेव्हा पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे सुमारे १७२ रुपये. डॉलरमध्ये जेमतेम ५६. मुंबईत ही रक्कम मोठी होती, न्यूयॉर्कमध्ये नाही. त्यातूनच घरी पैसे पाठवायचे आणि त्यातूनच जुनी पुस्तकं विकत घ्यायची. पुस्तकांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली होती असं चरित्रांमध्ये येतं.

सयाजीराव स्वतः अमेरिका बघून गेले होते, तिथल्या शाळा आणि ग्रंथालयांवर त्यांचा जीव होता. बडोद्यातली सार्वजनिक ग्रंथालयं उभारायला त्यांनी अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं होतं. इंग्लंड सोडून अमेरिकेला विद्यार्थी पाठवावा असं एका संस्थानिकाला का वाटलं, याचा धागा मला तिथे दिसतो.

६. कोलंबियात शिकणारे बाबासाहेब हे पहिले भारतीय होते ना?

नाही. भाषणात आणि फलकांवर हे वाक्य सर्रास दिसतं, पण ते गेले तेव्हा तिथे भारतीय विद्यार्थी आधीच होते. पहिले काही दिवस ते हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तिथलं जेवण त्यांना मानवेना. मग काही भारतीय विद्यार्थी राहत होते त्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये, ११४व्या रस्त्यावर, ते गेले. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणाबरोबर राहू लागले. ही मैत्री आयुष्यभर टिकली आणि पुढे अडीअडचणीला भथेना त्यांच्या मागे उभे राहिले.

पहिलेपणाचा दावा सोडून दिला तरी काही कमी होत नाही. साताऱ्याच्या शाळेत वर्गाबाहेर बसवलेला मुलगा एका खोलीत पारशी मित्राबरोबर राहतो, एका टेबलावर जेवतो, वर्गात कुठल्याही बाकावर बसतो. मला विचाराल तर सांगायची गोष्ट ही आहे.

७. तीन वर्षांत ते नेमकं काय शिकले?

अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा एकेक. बेरीज ६०. विद्यापीठात तेव्हा आपल्या विषयाबाहेरच्या वर्गातही बसता यायचं आणि त्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

१९१५ मध्ये प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहून ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. चार भिंतींच्या आत, मोजक्या विद्यार्थ्यांपुढे वाचलेला तो निबंध. वय पंचवीस. जातीबाहेर लग्न न करण्याच्या नियमातून जात कशी घडते आणि टिकते, हे त्यांनी त्यात मांडलं. सती आणि सक्तीचं वैधव्य यांची मुळंही तिथेच असल्याचं दाखवलं. आजही वाचला तर थक्क व्हायला होतं.

८. जॉन ड्युई खरंच त्यांचे शिक्षक होते? आणखी कोणाचे होते?

होते. अर्थशास्त्राचे एडविन सेलिग्मन, इतिहासाचे जेम्स शॉटवेल आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन, आणि तत्त्वज्ञानाचे ड्युई. या चौघांची नावं बाबासाहेबांनी पुढे माजी विद्यार्थ्यांच्या मासिकात स्वतः कृतज्ञतेने नोंदवली आहेत.

त्याच सुमाराला ड्युईंच्या आजूबाजूला चिनी तरुणांचा मोठा गट होता. हू शी १९१५ मध्ये कॉर्नेलहून कोलंबियात आले. बोलीभाषेत लिहा, जुनी ग्रांथिक भाषा सोडा, हा चीनमधला झगडा त्यांनी इथूनच सुरू केला. टीचर्स कॉलेजात ताओ शिंगझी शिकत होते, ज्यांनी पुढे खेड्यातल्या शिक्षणाला वाहून घेतलं. च्यांग मंगलिन हे पुढे पेकिंग विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९१९ मध्ये याच शिष्यांच्या बोलावण्यावरून ड्युई चीनला गेले. ते शांघायला उतरले आणि पाठोपाठ ४ मेचं विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं. ड्युई तिथे दोन वर्षांहून जास्त राहिले.

भीमराव आणि हू शी १९१५-१६ मध्ये एकाच परिसरात, एकाच गुरूच्या छायेत होते. दोघांची ओळख होती असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्यासमोर नाही. पण भारतात आणि चीनमध्ये जुन्या समाजव्यवस्थेला मुळापासून प्रश्न विचारणारे दोन तरुण एकाच वाचनालयाच्या पायऱ्या चढत-उतरत होते, एवढं नक्की.

९. पीएच.डी. १९१६ ची की १९२७ ची? पुस्तकांत दोन्ही सालं सापडतात.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. काही जण याचा वापर बाबासाहेबांच्या पदवीवर शंका घेण्यासाठी करतात, म्हणून जरा सविस्तर.

कोलंबियात तेव्हा प्रबंध मान्य झाला की लगेच पदवी हातात पडत नसे. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात जमा कराव्या लागत, त्यानंतरच पदवी. छपाईचा खर्च विद्यार्थ्याचा. श्रीमंत घरातल्या अमेरिकन मुलाला हे जड नव्हतं. महिना ५६ डॉलरवर राहणाऱ्याला होतं.

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचा प्रबंध सादर केला आणि ते लंडनला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्याने भारतात परतावं लागलं. वेगळ्या जहाजाने पाठवलेलं सामान महायुद्धात जहाजाबरोबर समुद्रात गेलं. त्यानंतर बडोद्यातली अवहेलना, मुंबईतली प्राध्यापकी, पुन्हा लंडन. अखेर १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशकांनी ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ छापला. प्रस्तावना सेलिग्मन यांची, अर्पणपत्रिका सयाजीरावांना. त्याच्या प्रती जमा झाल्या आणि १९२७ मध्ये रीतसर पदवी मिळाली.

आता हू शी यांचं बघा. त्यांची तोंडी परीक्षा १९१७ मध्ये झाली, प्रबंध १९२२ मध्ये शांघायमध्ये छापला गेला आणि पदवी मिळाली १९२७ मध्ये. बाबासाहेबांचंच वर्ष! चीनमध्येही हू शींच्या पदवीवरून असाच वाद घातला गेला. दोघांच्याही बाबतीत दहा-अकरा वर्षांचं हे अंतर आधी विद्यापीठाच्या नियमाने आणि मग महासागराने पाडलं. ‘१९१६ मध्ये प्रबंध, १९२७ मध्ये पदवी’ असं लिहा, म्हणजे कोणाला बोट ठेवायला जागा उरणार नाही.

१०. परदेशी मुलांच्या राहण्याची काय सोय होती? इंटरनॅशनल हाउसची गोष्ट खरी आहे का?

१९०९ मधली गोष्ट. हॅरी एडमंड्स हे वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे तरुण कार्यकर्ते कोलंबियाच्या लो लायब्ररीच्या पायऱ्यांवरून जात होते. समोरून येणाऱ्या चिनी विद्यार्थ्याला त्यांनी सहज ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं आणि पुढे निघाले. तो विद्यार्थी थांबला. न्यूयॉर्कला येऊन तीन आठवडे झाले, माझ्याशी बोललेले तुम्ही पहिलेच, असं त्याने सांगितलं. एडमंड्स यांनी ही आठवण आयुष्यभर सांगितली.

त्या पायऱ्या मी शेकडो वेळा चढले आहे. दुपारी तिथे इतकी गर्दी असते की पाय ठेवायला जागा शोधावी लागते. त्या गर्दीत तीन आठवडे कोणी एक शब्द बोलत नाही, हे कसं असेल ते मुंबईच्या लोकलमध्ये पहिल्यांदा चढलेल्या माणसाला नक्की कळेल.

एडमंड्स आणि त्यांच्या पत्नीने परदेशी विद्यार्थ्यांना रविवारी घरी जेवायला बोलवायला सुरुवात केली. त्यातून क्लब वाढला, आणि धाकट्या जॉन रॉकफेलर यांच्या देणगीतून १९२४ मध्ये रिव्हरसाइड ड्राइव्हवर इंटरनॅशनल हाउसची मोठी इमारत उघडली. बर्कलेला १९३० मध्ये आणि शिकागोला १९३२ मध्ये तशीच घरं उभी राहिली. ही संस्था स्वतंत्र आहे, कोलंबियाची नाही. इतर विद्यापीठांचे विद्यार्थीही तिथे राहतात.

११. मग बाबासाहेब इंटरनॅशनल हाउसमध्येच राहिले असतील?

नाही. ते १९१६ मध्ये न्यूयॉर्क सोडून गेले होते. ते कुठे राहिले ते प्रश्न ६ मध्ये आहे.

१२. अमेरिकेत तेव्हा आशियाई लोकांना बंदी होती म्हणतात. मग विद्यार्थी कसे येत?

कायद्यात विद्यार्थ्यांसाठी खिडकी ठेवलेली होती. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी झाली, विद्यार्थ्यांना नाही. १९१७च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा, भारतासकट, ‘प्रतिबंधित’ ठरला, तिथेही विद्यार्थी वगळले होते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क नाकारला. १९२४च्या कायद्याने कोणत्या देशातून किती माणसं घ्यायची याचे कोटे आणखी कडक केले, पण विद्यार्थ्यांना कोट्याबाहेर ठेवलं.

थोडक्यात : या, शिका, फी भरा आणि परत जा. राहायचं म्हणाल तर दार बंद. ते दार १९४६ मध्ये किलकिलं झालं (भारतातून वर्षाला १००च्या आसपास माणसं) आणि खऱ्या अर्थाने १९६५च्या कायद्याने उघडलं. आपल्या ओळखीतले जे काका-मामा सत्तरच्या दशकात अमेरिकेत शिकायला जाऊन तिथेच राहिले, ते या शेवटच्या कायद्यामुळे.

विद्यापीठाच्या आत सगळं गोड होतं असंही नाही. १९२४च्या वसंतात, इंटरनॅशनल हाउस उघडण्याच्या काही महिने आधी, फर्नल्ड हॉल या वसतिगृहात एक कृष्णवर्णीय अमेरिकन विद्यार्थी राहायला आला म्हणून वसतिगृहासमोरच्या मैदानात, कृष्णवर्णीयांना धमकावायची तिथली रीत होती तसा, क्रूस पेटवला गेला. तो विद्यार्थी परदेशी नव्हता, म्हणून परदेशी विद्यार्थ्यांच्या इतिहासात हा प्रसंग सहसा येत नाही. मला तो इथे असायला हवा असं वाटतं. बाबासाहेबांना या परिसरात समतेचा अनुभव आला हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. त्याच परिसरात दुसऱ्या कोणाला तो आला नाही.

१३. बाबासाहेब, कू, सेमे यांना विद्यापीठ ‘कुठले’ समजत होतं? आणि फिलिपिन्सच्या विद्यार्थ्यांचं काय?

बाबासाहेब आणि सेमे कायद्याने ब्रिटिश प्रजाजन होते, कू चीनचे नागरिक. म्हणजे भारत स्वतंत्र देश नसतानाही तिथले विद्यार्थी भारतीय म्हणून ओळखले जात, क्लब काढत, मातृभूमीबद्दल भाषणं करत. १९१४ पासून लाला लजपतराय न्यूयॉर्कमध्ये होते, त्यांनी बाबासाहेबांना आपल्या कामात ओढायचा प्रयत्न केला. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची बांधिलकी आणि अभ्यास यांमुळे बाबासाहेब दूर राहिले.

फिलिपिन्सचा गुंता आणखी वेगळा. १८९८ नंतर ती बेटं अमेरिकेच्याच ताब्यात होती. तिथला विद्यार्थी नागरिक नव्हता आणि पूर्ण परदेशीही नव्हता. कार्लोस रोम्युलो १९२१ मध्ये कोलंबियात इंग्रजीत एम.ए. झाले ते अशा अधांतरी अवस्थेत. १९४९ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष झाले. म्हणून जुन्या याद्यांमधून ‘परदेशी विद्यार्थी किती’ हा आकडा काढताना फिलिपिनो धरले आहेत की नाहीत हे आधी तपासा. नाहीतर दोन सालांची तुलना चुकते.

१४. मुली होत्या का? आनंदीबाई जोशी इथेच शिकल्या ना?

आनंदीबाई जून १८८३ मध्ये न्यूयॉर्क बंदरात उतरल्या आणि जवळच न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाकडे राहिल्या, म्हणून गैरसमज होतो. त्या शिकल्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. कोलंबियाशी त्यांचा संबंध नाही.

कोलंबियाचं मूळ पदवी कॉलेज तर १९८३ पर्यंत मुलींना प्रवेशच देत नव्हतं. पण रस्त्यापलीकडे १८८९ मध्ये सुरू झालेलं बार्नार्ड हे मुलींचं कॉलेज होतं आणि शिक्षकांसाठीचं टीचर्स कॉलेज स्त्रियांना खुलं होतं. चिनी सुधारक कांग यूवेई यांची मुलगी कांग तोंगबी १९०७ नंतर बार्नार्डमध्ये शिकली. पाय बांधण्याच्या चालीविरुद्ध तिने पुढे चीनमध्ये काम केलं. टीचर्स कॉलेजात १९२३ मध्ये खास परदेशी शिक्षकांसाठी इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट निघाली, तिथे जगभरातून शिक्षक-शिक्षिका आल्या.

१५. महाराष्ट्राशी नातं असलेला दुसरा कोणी कोलंबियाचा विद्यार्थी सांगाल का?

जे. सी. कुमारप्पा. जन्म तंजावरचा, हिशेबनीस म्हणून मुंबईत व्यवसाय, मग अमेरिका. कोलंबियात १९२८च्या सुमाराला त्यांनी सेलिग्मन यांच्याच हाताखाली सार्वजनिक वित्तव्यवस्था अभ्यासली आणि ब्रिटिशांची करपद्धती भारताला गरीब कशी करते यावर लिहिलं. परत आल्यावर ते गांधीजींना मिळाले आणि १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम त्यांनी वर्ध्याच्या मगनवाडीतून चालवलं.

एकाच प्राध्यापकाचे दोन भारतीय शिष्य, दोघांचा विषय सरकारी तिजोरी, आणि खेड्याबद्दलची मतं दोन टोकांची : एकाला खेडं जातीचा कोंडवाडा वाटलं, दुसऱ्याला अर्थव्यवस्थेचा पाया. सेलिग्मन यांच्या वर्गावर कोणीतरी मराठीत नीट लिहायला हवं.

१६. कोलंबियाने बाबासाहेबांना जगातला क्रमांक एकचा विद्वान ठरवलं आहे का?

नाही. हा निरोप दर एप्रिलमध्ये फिरतो. २००४ मध्ये विद्यापीठाला २५० वर्षं झाली, तेव्हा काळाच्या पुढे असलेल्या कोलंबियन माणसांची एक यादी प्रसिद्ध झाली. त्या यादीत बाबासाहेब आहेत. यादी कोलंबियाशी संबंध असलेल्यांची होती, साऱ्या जगाची नव्हे, आणि त्यात जगातला पहिला-दुसरा असे क्रमांक नव्हते.

कृपा करून हा निरोप पुढे पाठवू नका. जो माणूस प्रत्येक विधानाला आधार शोधत साठ अभ्यासक्रम शिकला, त्याच्या नावावर निराधार विधान नको.

१७. १९५२ ची पदवी कोणती? ती धरून त्यांच्या कोलंबियाच्या पदव्या किती?

५ जून १९५२ रोजी कोलंबियाने त्यांना एलएल.डी. ही सन्मान्य पदवी दिली. राज्यघटनेचं काम आणि मानवी हक्कांसाठी दिलेला लढा यांचा तो गौरव होता. अभ्यास करून मिळवलेल्या पदव्या दोन, एम.ए. आणि पीएच.डी., आणि सन्मानाची एक.

या भेटीला एक दुःखाची किनार आहे. ड्युई १ जूनला वारले, समारंभाच्या चार दिवस आधी. बाबासाहेब तेव्हा प्रवासात होते, ड्युईंना भेटायची त्यांना ओढ होती. आपलं सगळं बौद्धिक आयुष्य आपण या गुरूचे ऋणी आहोत, असं त्यांनी पत्रातून माईसाहेबांना कळवलं.

१८. दुसऱ्या महायुद्धानंतर काय बदललं, आणि आज परिस्थिती काय आहे?

१९४६ मध्ये अमेरिकन सरकारच्या शिष्यवृत्त्यांचा फुलब्राइट कार्यक्रम आला, भारताबरोबरचा त्याचा करार फेब्रुवारी १९५० मधला. संस्थानिक आणि मिशनरी यांची जागा सरकारांनी घेतली. चीनमध्ये १९४९ मध्ये सत्ता पालटली तेव्हा अमेरिकेतले चिनी विद्यार्थी अडकले. घरून पैसे येईनात, मग अमेरिकन सरकारने त्यांना मदत दिली. कोरियाचं युद्ध पेटल्यावर त्याच सरकारने त्यांच्यापैकी काहींना मायदेशी परतायला मनाई केली.

अमेरिकाभरची मोजदाद १९१९ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेली ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशन’ ही संस्था करते. कोलंबियाचे अध्यक्ष निकोलस मरे बटलर तिच्या संस्थापकांपैकी एक. तिच्या आकड्यांनुसार १९४८-४९ मध्ये अमेरिकेत सुमारे २५ हजार परदेशी विद्यार्थी होते, २०२३-२४ मध्ये ११ लाख २६ हजार. त्यांत भारतीय ३ लाख ३१ हजार, आणि त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकलं. एकट्या कोलंबियात त्या वर्षी परदेशी विद्यार्थी वीस हजारांच्या घरात होते.

२०२५ मध्ये वारं फिरलं. कोलंबियातल्या निदर्शनांनंतर काही परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले. जुलैमध्ये विद्यापीठाने केंद्र सरकारशी केलेल्या समझोत्यात, परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरचं आर्थिक अवलंबन कमी करण्याचं कलमही आहे. प्रवेशाचे आणि व्हिसाचे आजचे नियम मला विचारू नका, ते महिन्या-महिन्याला बदलतात. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयालाच विचारा.

१९. आम्ही न्यूयॉर्कला येतोय. काय काय बघता येईल?

२०२४ पासून फाटकावर ओळखपत्र मागतात, त्यामुळे आत जाता येईलच असं नाही. ओळखीचा विद्यार्थी असेल तर त्याला आधी कळवा. आत गेलात तर लो लायब्ररीच्या पायऱ्या (प्रश्न १०) लगेच दिसतील. पायऱ्यांच्या मध्यावर ‘आल्मा माटर’ म्हणजे विद्यामातेचा पुतळा आहे. तिच्या झग्याच्या चुण्यांत एक घुबड दडलंय, मुलांना शोधायला लावा. पायऱ्यांकडे पाठ केली की डाव्या हाताला हार्टली हॉल आणि त्याला लागून लिव्हिंग्स्टन हॉल. लिव्हिंग्स्टनचं नाव आता वॉलाक हॉल आहे, जुनं नाव विचारलंत तर पहारेकऱ्याला कळणार नाही. बाबासाहेबांचा अर्धपुतळा लेहमन ग्रंथालयात आहे.

आत जाता आलं नाही तर उत्तरेकडे दहा-बारा मिनिटं चालत रिव्हरसाइड ड्राइव्हला या. अमेरिकेचे माजी अध्यक्ष ग्रँट यांच्या समाधीजवळ साकुरा पार्क नावाची छोटी बाग आहे, तिला लागूनच इंटरनॅशनल हाउस. बाहेरून बघायला कोणाची परवानगी लागत नाही. एप्रिलच्या मध्यावर आलात तर बागेतल्या चेरीच्या झाडांना बहुधा बहर असतो, पण नदीवरून बोचरा वारा येतो, स्वेटर बरोबर ठेवा.